वाडीतले एकही मूल यादीबाहेर राहू नये म्हणून: कोकणातील गावमंडळांसाठी कामाची पद्धत

गणपतीत चाकरमानी गावाला आले की चौथ्या-पाचव्या दिवशी देवळात किंवा शाळेच्या पडवीत मंडळाची बैठक बसते, आणि जमाखर्च वाचून झाला की कोणीतरी हमखास म्हणते, यंदा मुलांसाठी काहीतरी करू या. मग वह्या, दप्तरे किंवा खाऊच्या पुड्या वाटायचे ठरते, फोटो निघतात आणि वर्षाची शिल्लक एका सकाळी संपते. या वाटपात वाईट काही नाही. मात्र ते पोचते शाळेतल्या मुलांपर्यंत, आणि गरिबीचा मार सर्वांत जास्त बसतो तो शाळेत जाण्याआधीच्या सहा वर्षांत, त्यातही गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांत. ज्या मुलाला वहीची गरज अजून पाच वर्षांनी लागणार आहे, त्याच्यासाठी गावाने काय करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

कोकणातली गरिबी पटकन नजरेत भरत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. चिऱ्याचे घर, परसात दोन माड, दारात हापूसचे कलम असे चित्र असले की सर्वेक्षणाला आलेला माणूस त्या घराला खाऊनपिऊन सुखी ठरवून पुढे जातो. प्रत्यक्षात घर चुलत्यांच्या नावावर असते, कलम सामाईक असते, सातबाऱ्यावर वीस नावे असतात आणि घरात राहणारी सून जून-जुलैच्या मासेमारीबंदीत नवऱ्याचा मजुरीचा हप्ता बंद झाला की उसनवारीवर चूल पेटवत असते. शिवाय गावात अशीही मुले असतात की ज्यांना गाव आपले मानतच नाही. आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराचे मूल, चिरेखाणीवरच्या परप्रांतीय जोडप्याचे मूल, बंदरावर खोपटात राहणाऱ्या खलाशाचे मूल आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारे कातकरी मूल, ही चार मुले बहुतेक गावांच्या कुठल्याही यादीत सापडत नाहीत. माझ्या अनुभवात पैशांची टंचाई ही यातली तिसरी अडचण आहे. मुलाचे नाव यादीत नसणे ही पहिली, आणि आई कामावर असताना मुलाला सांभाळणारे कोणी नसणे ही दुसरी.

समिती नेमण्याआधी अंगणवाडीच्या पडवीत जाऊन बसा

पहिले पाऊल म्हणजे गावातल्या अंगणवाडी सेविकेशी बोलणे. मंडळाने परस्पर काही सुरू केले की सेविकेला ती आपल्या कामावरची टीका वाटते, आणि मग वर्षभर सहकार्य मिळत नाही. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात सुरू आहे आणि पूरक आहार, शालेय पूर्वशिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणे) व पोषण-आरोग्य शिक्षण या तिच्या सहा सेवा आहेत. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तेव्हा समांतर अंगणवाडी काढण्याचा खटाटोप करू नये. आहे त्या यंत्रणेतून कोणते मूल सुटते, ते शोधून तेवढी भोके बुजवावीत.

सेविकेला पहिल्या भेटीत तीनच गोष्टी विचाराव्यात: कोणत्या वाडीतली मुले येत नाहीत, कोणत्या महिन्यांत येत नाहीत आणि आहाराचे सामान कधी खंडित होते. उत्तरे ऐकून घ्यावीत, तपासणी अधिकाऱ्याच्या थाटात वही मागू नये. त्यानंतर पाच ते सात जणांची समिती करावी. तीत सेविका, आशाताई, महिला बचतगटातली एक बाई, प्रत्येक वाडीतली एक व्यक्ती आणि मुंबईकर मंडळाचा एकच प्रतिनिधी असावा. एकच म्हणण्याचे कारण असे की मुंबईहून निर्णय आणि गावातून हजेरी अशी विभागणी झाली की काम शिमग्यापर्यंतही टिकत नाही.

घरोघरची नोंदवही

यादी कागदावरून कागदावर उतरवायची नाही, पायी फिरून करायची आहे, आणि ती वर्षातून दोनदा करावी लागते. पहिली फेरी भातकापणी आटोपल्यावर पण दिवाळीनंतर लगेच, कारण कातकरी कुटुंबे भट्टीवर निघायच्या बेतात असतात आणि बागांतले राखणदार त्याच सुमारास यायला लागतात. दुसरी फेरी जूनच्या पहिल्या आठवड्यात, व्हाळ म्हणजे ओढे भरून वाहायला लागण्याआधी.

प्रत्येक घरासाठी एक पान ठेवावे. त्यावर मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्म कुठे झाला, जन्मदाखला आहे की नाही, लसीकरणाचे कार्ड आहे की नाही, अंगणवाडीत नाव आहे की नाही, शिधापत्रिकेत मुलाचे नाव आहे की नाही, आई कामाला किती वाजता जाते व किती वाजता परतते, आणि त्या वेळात मूल कोणापाशी असते, एवढे लिहावे. शेवटचे दोन प्रश्न सरकारी नमुन्यात नसतात, पण आमच्या कामाचा निम्मा भाग त्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून उभा राहिला. उत्पन्न विचारू नये. एक तर खरे सांगितले जात नाही, आणि दुसरे म्हणजे उत्पन्न विचारले की पुढची उत्तरेही सावध होतात.

फिरताना “घरात लहान मुले किती?” असे विचारू नका. पाहुणी म्हणून माहेरी आलेल्या मुलीचे बाळ, आजीकडे ठेवलेले नातवंड, राखणदाराच्या झोपडीतले मूल हे सगळे त्या प्रश्नातून निसटते. “काल रात्री या छपराखाली सहा वर्षांखालचे कोण कोण झोपले होते?” असा प्रश्न विचारावा. आमच्या पहिल्या फेरीत सेविकेच्या नोंदीपेक्षा पाच मुले जास्त सापडली, आणि त्यातली तीन एकाच बागेतल्या पत्र्याच्या खोलीत होती. त्या बागेचा मालक आमच्याच मंडळाचा सभासद होता.

ही वही कुलपात राहील अशी व्यवस्था करावी. कुपोषित मुलांची नावे व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे, त्यांचे फोटो देणगीदारांना पाठवणे हे काही झाले तरी करू नये. लहान गावात एकदा लागलेला शिक्का त्या मुलीच्या लग्नापर्यंत पुसला जात नाही.

वजन, उंची आणि दंडाची पट्टी

अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंची घेतली जाते आणि पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल अ‍ॅपवर भरली जाते. समितीचे काम त्या दिवशी सगळी मुले हजर करणे एवढेच आहे, पण ते नीट करायचे तर मोजमापाची पद्धत समितीतल्या दोघांना तरी माहीत असावी. काटा सपाट फरशीवर ठेवावा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर ठेवला तर आकडा चुकतो. मुलाच्या अंगावर कमीत कमी कपडे असावेत आणि हातातले वाळे-कडी उतरवता आली तर उतरवावी. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून आणि त्यावरच्या मुलाची उंची उभे करून मोजतात. उभ्या मापात आकडा किंचित कमी येतो, त्यामुळे या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की मूल एका महिन्यात खुजे झाल्यासारखे दिसते आणि बिचाऱ्या सेविकेला खुलासा द्यावा लागतो.

दंडाचा घेर मोजायची तिरंगी पट्टी मात्र प्रत्येक वाडीत एक असावी, कारण तिला काटा, वीज, मोबाईल काही लागत नाही. ती सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. डावा हात कोपरात काटकोनात दुमडून खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे, बरोबर मध्यावर पेनाने ठिपका द्यावा, मग हात सैल खाली सोडून ठिपक्यावरून पट्टी गुंडाळावी. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. ११.५ सेंटीमीटरच्या खालचा आकडा, म्हणजे पट्टीचा लाल भाग, म्हणजे तीव्र कुपोषण, आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यानचा म्हणजे मध्यम कुपोषण. याशिवाय दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहावा. खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे आणि दंडाचा आकडा काहीही असला तरी मूल त्याच दिवशी दवाखान्यात गेले पाहिजे. सुजेमुळे मूल गुटगुटीत दिसते, म्हणून ही चाचणी वगळू नये.

लाल पट्ट्यातल्या मुलाबाबत पुढचा निर्णय डॉक्टरांचा. भूक चांगली असेल आणि ताप, जुलाब, सूज नसेल तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात जादा आहार व देखरेख होऊ शकते. तसे नसेल तर रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावे लागते. इथे गावाची खरी गरज लागते. मूल दाखल करायला सांगितल्यावर एका आईने मला सरळ विचारले होते, “चवदा दिस थंय रवलंय, तर हय बाकीच्या पोरांका जेवूक कोण घालतलो?” तिला आम्ही अज्ञानी समजत होतो. तिचा हिशेब आमच्यापेक्षा पक्का होता: घरी दुसरी दोन मुले, म्हातारी सासू, चार कोंबड्या आणि काजूच्या कारखान्यातली बुडणारी मजुरी. शेवटी शेजारच्या दोन घरांनी जेवण वाटून घेतले, बचतगटाने मजुरीची अर्धी रक्कम दिली आणि ती गेली. तेव्हापासून आमच्या वहीत “दाखल झाल्यास मागे घर कोण पाहील” असा एक रकाना आहे.

वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते. त्याची तारीख प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधीच मिळवून वाडीवाडीत सांगावी. हृदयाचा दोष, वाकडे पाऊल, फाटलेला ओठ, ऐकू न येणे यांवरचे उपचार पुढे मोफत होतात, पण त्या दिवशी मूल बागेत राहिले तर सहा महिने गेले.

खाऊ नव्हे, जेवण

अंगणवाडीतला आहार दिवसाला ५०० किलो कॅलरींच्या हिशेबाने ठरलेला आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाची निम्म्याहून अधिक गरज त्यानंतरही उरतेच, आणि ती घरच्या ताटातून भागायची असते. कोकणात घरचे ताट बिघडते ते दोन ठिकाणी. सकाळी मुलाला चहा-बटर किंवा चहा-बिस्कीट दिले जाते. त्याने भूक मरते आणि चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. दुसरे म्हणजे पेज. पेज हे आपले अन्न आहे आणि आजारात ती उत्तमच, परंतु वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचे पोट वाटीभर पातळ पेजेने भरते आणि त्या वाटीत पाणीच जास्त असते. यावर उपाय सोपा आहे: पेज घट्ट करावी, तीत मऊ शिजवलेली मुगाची डाळ कुस्करावी आणि वरून एक चमचा तेल किंवा तूप घालावे. एका चमचा तेलात सुमारे ४५ किलो कॅलरी असतात आणि त्यासाठी पोटात वेगळी जागा लागत नाही.

बचतगटाकडून करून घेण्यासारखी एकच वस्तू सुचवायची तर मी मोड आणलेल्या नाचणीचे पीठ सुचवेन. नाचणी धुऊन रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत कडकडीत वाळवावी, मंद आचेवर भाजून दळावी आणि तीन वाट्या पिठाला एक वाटी भाजलेल्या मूगडाळीचे पीठ मिसळावे. मोड आणलेल्या पिठाची खीर शिजवताना फार घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावते आणि बाळाला गिळताही येते. पावसाळ्यात पीठ सादळते, म्हणून आठवड्याला पुरेल इतकेच दळावे. किनाऱ्यावरच्या गावांत सुका जवळा हे दुसरे हाताशी असलेले अन्न आहे. तो पाखडून, निवडून, रेती जाईपर्यंत चाळून, कोरडाच भाजून कुटला की त्याची चिमूट वर्षावरच्या मुलाच्या भातात घालता येते. मीठ लावलेली सुकी मासळी मात्र बाळांना देऊ नये. शेवग्याचा पाला, पावसाळ्यातला टाकळा, उकडलेल्या फणसाच्या आठळ्या, तारली, अंडे यांपैकी कुठलीच गोष्ट मुंबईहून पाठवावी लागत नाही.

मुंबईहून पाठवू नये अशी गोष्ट म्हणजे दुधाची पावडर. आमच्या मंडळाने एका वर्षी डबेच्या डबे पाठवले. मे महिना होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, पावडर कालवायला उकळलेले पाणी कोणी वापरले नाही, आणि पंधरा दिवसांत तीन मुलांना जुलाब लागले. त्यातल्या एका आईने डबा मिळाला म्हणून अंगावरचे पाजणेही कमी केले होते. शिशुदुग्धाच्या जाहिरातीवर आणि प्रचारासाठीच्या फुकट वाटपावर १९९२ च्या कायद्याने बंदी का घातली, ते आम्हाला तेव्हा कळले. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व पुढेही आईचे दूध, हा नियम देणगीच्या उत्साहात मोडू नये.

आई कामावर असते ते तास

हा टप्पा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत उपयोगी आहे. बंदरावरच्या लिलावाला जाणारी बाई अंधार असतानाच घर सोडते, काजू सोलणारी आठ तास बसते, आणि आंब्याच्या हंगामात पेट्या भरणाऱ्यांच्या परतण्याला वेळ नसतो. अंगणवाडी मात्र सकाळच्या काही तासांपुरती असते आणि तिथे शिकायला बसतात तीन वर्षांवरची मुले. मधल्या वेळात सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते, म्हणजे एकाच अडचणीपायी एकाचा आहार जातो आणि दुसरीची शाळा.

याचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर फार पूर्वी शोधले गेले आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली; अंगणवाडी हा शब्द त्या प्रयोगांतून आला. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम पुढे वाढले. मुलाला शिक्षणाच्या वेळेत बसवण्याऐवजी शिक्षणाने मुलाच्या वेळेत यावे, ही त्यामागची समजूत आजही आपल्याला जशीच्या तशी उपयोगी पडते.

पाळणाघरासाठी वेगळी इमारत बांधू नये. वाडीतल्या मोठ्या घराची बंद पडवी, देवळाची धर्मशाळा किंवा पट नसल्याने बंद पडलेल्या शाळेची खोली पुरते. शाळेच्या खोलीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव आणि शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्यावी. दहा मुलांना दोन बायका असाव्यात, एक कधीच नसावी, कारण एक मूल आजारी पडले किंवा एकीला दाराशी जावे लागले की बाकीची नऊ उघड्यावर पडतात. वेळ कामाच्या वेळेवरून ठरवावी. बंदराच्या वाडीत पाळणाघर पहाटे उघडावे लागेल आणि काजूच्या वाडीत संध्याकाळी उशिरा बंद करावे लागेल. हंगामापुरते, म्हणजे फेब्रुवारी ते मे एवढेच चालवले तरी सुरुवातीला पुष्कळ आहे. सेविका तयार असेल तर अंगणवाडीलाच पाळणा जोडण्याची केंद्राची योजना आहे. तिच्यासाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे मागणी करावी, पण मंजुरीची वाट पाहत हंगाम घालवू नये.

जागा पाहताना विहिरीला कठडा आहे का, खाडीकडची बाजू बंद आहे का, हे आधी बघावे. चिऱ्याच्या गडग्यात फुरसे हा विषारी साप असतो आणि लाकूडफाट्यात विंचू, म्हणून खोलीला लागून सरपण रचू नये. लाल विंचू चावलेल्या मुलाला मांत्रिकाकडे न नेता तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच कोकणात रुग्ण पाहता पाहता प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. जवळच्या केंद्रात ते औषध आहे का, एवढे विचारून ठेवणे समितीच्या हातात आहे.

खर्चाचा अंदाज असा मांडावा. अठरा मुले, महिन्याचे पंचवीस दिवस, प्रत्येकी एक अंडे म्हणजे ४५० अंडी. अंड्याला सात रुपये धरले तर ३,१५० रुपये. सांभाळणाऱ्या बायकांचे मानधन, चटया, झाकणाचे पाण्याचे भांडे, साबण आणि औषधपेटी हे वेगळे. आयांकडून थोडी का होईना फी घ्यावी, असे माझे मत आहे. फुकटच्या ठिकाणाबद्दल तक्रार करायला माणूस बिचकतो, आणि आयांची तक्रार हीच पाळणाघराची सर्वांत चांगली तपासणी आहे.

कागद

कागदांची सुरुवात जन्मनोंदीपासून होते. जन्मानंतर २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर विलंबशुल्क आणि परवानग्या लागतात, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. नोंद होते ती मूल जिथे जन्मले तिथे, कुटुंब जिथे राहते तिथे नव्हे. भट्टीवर दुसऱ्या तालुक्यात जन्मलेल्या मुलाचा दाखला आपल्या ग्रामसेवकाकडे मागून मिळणार नाही, हे न कळल्यामुळे लोक महिनोन्महिने चुकीच्या दारात उभे राहतात. बारशाआधीही नोंद करता येते आणि नाव नंतर घालता येते, त्यामुळे नाव ठरले नाही हे कारण चालवून घेऊ नये. दाखला मिळाला की बाल आधार काढावे. पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे लागत नाहीत. मग शिधापत्रिकेत नाव चढवावे, कारण अन्न सुरक्षा यादीतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते आणि न चढवलेल्या मुलाचे पाच किलो दर महिन्याला बुडतात.

यानंतर ज्या त्या कुटुंबाला लागू होणारी योजना शोधावी. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या घरातल्या मुलीला लेक लाडकी योजनेतून टप्प्याटप्प्याने, अठरा वर्षांची होईपर्यंत एकूण १,०१,००० रुपये मिळतात. त्यातला पहिला हप्ता जन्मानंतर ५,००० रुपयांचा आहे. वडील वारले असतील, आईने किंवा वडिलांनी एकट्याने मूल सांभाळले असेल किंवा पालक दीर्घ आजारी असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपयांची तरतूद आहे. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो आणि निर्णय बालकल्याण समिती घेते. कोकणात ही योजना हक्काच्या माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून वहीत विधवा आईच्या पानावर लाल खूण करावी. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता वारला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये एकदाच मिळतात. समुद्रात गेलेल्या खलाशाच्या बाबतीत मच्छीमार सहकारी संस्थेत त्याचा अपघात विमा होता का, हे पहिल्या आठवड्यातच विचारावे.

हे सर्व अर्ज एकट्या बाईने करायचे म्हटले तर तालुक्याला चार खेपा, एसटीचे भाडे आणि चार दिवसांची मजुरी जाते. म्हणून महिन्यातला एक दिवस ठरवून समितीतल्या एकाने पाच-सहा जणींचे कागद एकत्र न्यावेत, सर्व कागदांच्या दोन प्रती काढाव्यात आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एका कार्यालयात आमचे सात अर्ज “आलेच नाहीत” म्हणून पुन्हा करायला सांगितले होते. शिक्क्याच्या पोचपावत्या पुढे ठेवल्यावर ते त्याच कपाटात सापडले.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी दोन गोष्टी निघण्याआधी कराव्यात. पोषण ट्रॅकरवर मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करण्याची सोय आहे, ती सेविकेकडून करून घ्यावी, आणि लसीकरणाचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्यावे. रेशन देशात कुठल्याही दुकानातून घेता येते, हेही सांगावे. वाडी कातकऱ्यांची असेल तर आणखी एक वाट आहे: १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन योजनेत अतिमागास आदिवासी वस्त्यांसाठी अंगणवाड्यांची तरतूद आहे, आणि कातकरी त्या यादीत आहेत.

पैसा आणि ठराव

वर्गणी मागण्याआधी ग्रामपंचायतीकडे जावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती अनेकदा वर्षाखेरीस घाईघाईने कुठल्यातरी साहित्यखरेदीत जाते. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथे एकच नेमकी मागणी लेखी द्यावी, उदाहरणार्थ पाळणाघराच्या विहिरीला कठडा, किंवा वाडी व अंगणवाडी यांमधल्या व्हाळावर साकव म्हणजे छोटा पूल. “बालकांचा विकास करावा” असा ठराव हवेत विरतो, साकवाचा ठराव मोजता येतो. साकव नसल्यामुळे पावसाळ्यात वाडीतली मुले तीन महिने आहाराला मुकतात, हे हजेरीपट दाखवून सांगितले तर सभेत कोणी उलटून बोलत नाही. कोकणातल्या वाड्या इतक्या विखुरलेल्या आहेत की वेगळ्या अंगणवाडीसाठी लागणारी मुले एका वाडीत भरत नाहीत, त्यामुळे साकव हाच पुष्कळदा स्वस्तातला उपाय ठरतो.

मंडळाची वर्गणी दरमहाच्या हप्त्याने घ्यावी, एकदम नको. मानधन दरमहा द्यायचे असते आणि गणपतीतला उत्साह मार्चमध्ये बँकेत सापडत नाही. खाते दोन सह्यांचे असावे, त्यातली एक सही गावात राहणाऱ्या बाईची असावी, आणि खर्चाचा कागद दर महिन्याला पाळणाघराच्या दारावर चिकटवावा. एखादे मूल मारहाणीत, कामाला जुंपलेले किंवा सोडून दिलेले आढळले तर तो विषय समितीच्या बैठकीत चर्चेला न ठेवता १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर लगेच कळवावे.

जूनच्या फेरीत वहीचे प्रत्येक पान पुन्हा उघडावे आणि दिवाळीच्या नोंदीशेजारी नवी नोंद वेगळ्या शाईने करावी. मूल गाव सोडून गेले असेल तर पान फाडू नये. कुठे गेले, कोणत्या अंगणवाडीकडे नोंद वर्ग झाली आणि परत कधी येणार, हे लिहून ठेवावे. ज्या बागेत राखणदाराची खोली आहे तिच्या मालकाचा मोबाईल क्रमांक त्याच पानावर असावा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये कुटुंब परतले की पहिला फोन त्यालाच करता येतो.